एम-वन, एम-टू, एम-थ्री मागे राहिलंय आणि पेपर जवळ आलाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला गणित शिकवते; एम-वन, एम-टू, एम-थ्री हे तिथले गणिताचे पेपर. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागायच्या आसपास स्टाफरूमच्या दाराशी मुलं येऊन उभी राहतात. चेहरे दरवर्षी वेगळे असतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. दारापर्यंत न येणारी मुलं त्याहून जास्त असतात, हे मला माहीत आहे. हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं इंजिनिअरिंगच्या गणिताची आहेत, पण बीएस्सीच्या मुलांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

मॅडम, सगळंच राहिलंय. सुरुवात कुठून करू?

आधी एक तास काढा आणि खरोखर काय राहिलंय ते बघा. प्रत्येक युनिटवरचा मागच्या पेपरातला एकेक प्रश्न घ्या. सहा युनिटं म्हणजे सहा प्रश्न. पुस्तक मिटा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. ज्या ओळीवर हात थांबेल तिच्याखाली लाल रेघ मारा आणि पुढच्या प्रश्नाला लागा. उत्तर आलं की नाही याची या तासात काळजी करायची नाही.

ती लाल रेघ का महत्त्वाची, ते सांगते. एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आयगेन व्हेक्टर हा प्रकारच मला कळत नाही. ते युनिट ऑप्शनला टाकतो." मी त्याला माझ्यासमोर एक सम सोडवायला लावला. दोन बाय दोनचं मॅट्रिक्स होतं. पहिली ओळ ४, १ आणि दुसरी ओळ २, ३. त्याने समीकरण बरोबर मांडलं, लॅम्डाच्या किमती ५ आणि २ बरोबर काढल्या. मग लॅम्डा = ५ घालून दोन समीकरणं लिहिली: −एक्स + वाय = ० आणि २एक्स − २वाय = ०. इथे तो थांबला, दोन्ही ओळींवर काट मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी विचारलं, का खोडलंस? म्हणाला, "दोन्ही समीकरणं एकच निघाली. म्हणजे माझं काहीतरी चुकलंय."

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. ती समीकरणं एकच निघायलाच हवीत. डिटरमिनंट शून्य व्हावा म्हणून तर आपण लॅम्डाची ती किंमत शोधून काढली; त्यामुळे एक ओळ दुसरीच्या पटीत येणारच. तशी आली नाही, तरच चूक शोधायची. पहिल्या समीकरणावरून वाय = एक्स, म्हणून व्हेक्टर (१, १). लॅम्डा = २ साठी दोन्ही ओळी २एक्स + वाय = ० अशाच येतात, म्हणून (१, −२). तो मुलगा सहा महिने बरोबर केलेलं खोडत होता. त्याला अख्खं युनिट येत नाही असं वाटत होतं आणि अडलेली ओळ एकच होती.

सगळ्यांचंच इतकं सोपं निघत नाही, हे कबूल आहे. सहापैकी दोन युनिटं खरोखरच कोरी निघतात. तरीही त्या एका तासानंतर हातात "सगळंच" राहत नाही. तीन-चार अडलेल्या ओळी आणि दोन कोरी युनिटं राहतात. त्यांचं वेळापत्रक करता येतं.

अकरावी-बारावीचंच गणित कच्चं आहे. ते सगळं परत करायचं का?

सगळं करू नका, तेवढा वेळ नाही. ज्या युनिटला हात घालाल त्याच्याखाली मागचं नेमकं काय लागतं, तेवढंच त्या दिवशी काढा.

फुरिअर सिरीज घ्या. या युनिटची धास्ती फार आणि खाली लागणारं सामान अगदी मोजकं. सलग भाग पाडून इंटिग्रेशन करता आलं पाहिजे आणि दोन गोष्टी झोपेतही आठवल्या पाहिजेत: साइन एन पाय नेहमी शून्य, आणि कॉस एन पाय म्हणजे (−१) चा एन घात. मी पेपर तपासते तेव्हा फुरिअरमधल्या निम्म्याहून जास्त चुका या दोन ओळींत नाहीतर इंटिग्रेशनमधल्या चिन्हांत सापडतात. फुरिअरची कल्पना चुकलेली क्वचितच दिसते. मॅट्रिक्सला बारावीचं फारसं लागत नाही. बेरीज-गुणाकार बिनचूक हवेत आणि समीकरणं सोडवता आली पाहिजेत. पार्शल डिफरन्सिएशनला डिफरन्सिएशनचा तक्ता आणि चेन रूल लागतो. मल्टिपल इंटिग्रलला मात्र बरंच सामान लागतं. वक्राची आकृती काढता येणं, ध्रुवीय निर्देशक आणि त्रिकोणमिती, तिन्ही हवं. म्हणून मागे पडलेल्या मुलाने ते पहिल्या दिवशी उघडू नये.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची अडचण मी वेगळी धरते. त्यांचं एम-वन, एम-टू झालेलं नसतं आणि एम-थ्री ते झालंय असं धरून चालतं. वर्गात मागच्या बाकांवर गप्प बसलेली ही मुलं प्रॅक्टिकलला सगळ्यांत पुढे असतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त वाटतं. तुमच्यासाठी सुरुवातीची जागा एलडीई, म्हणजे लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन्स. डी-वर्ग − ५डी + ६ याची मुळं काढायची, तर ते दहावीचं वर्गसमीकरण आहे: २ आणि ३. कॉम्प्लिमेंटरी फंक्शन तिथेच झालं. पुढे उजव्या बाजूला ई चा ३एक्स घात किंवा २एक्स घात आला, तर सरळ किंमत घालून खाली शून्य येतं. अशा वेळी वर एक एक्स घ्यायचा, खालच्याचं डी च्या सापेक्ष डिफरन्सिएशन करायचं, म्हणजे २डी − ५, आणि मग किंमत घालायची. २ साठी खाली −१ येतो. उत्तर वजा एक्स गुणिले ई चा २एक्स घात. याला बारावीच्या गणितातलं जवळपास काहीच लागलं नाही. हे युनिट आधी घट्ट करा. व्हेक्टर नंतर.

बारा दिवस उरलेत. एखादं युनिट ऑप्शनला टाकू का?

आधी पेपरचा पॅटर्न बघा. हे न बघता युनिट सोडून दिलेली मुलं दरवर्षी भेटतात.

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० आणि एंडसेम (शेवटची परीक्षा) ७० गुणांची होती, आणि "हा किंवा तो" अशी प्रश्नांची जोडी एकाच युनिटवर येत होती. अशा पेपरात युनिट सोडलं की त्या जोडीतले दोन्ही प्रश्न गेले आणि त्यांचे गुणही गेले. पर्याय असतो, पण तो युनिटच्या आतला. मुंबई विद्यापीठाच्या ८० गुणांच्या पेपरात बरीच वर्षं वेगळी रचना होती: पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचांपैकी कोणतेही तीन, प्रत्येकी २० गुण. तिथे एकाच प्रश्नात वेगवेगळ्या मॉड्यूलचे उपप्रश्न ६, ६ आणि ८ गुणांना मिसळलेले असायचे. म्हणजे एक मॉड्यूल सोडलं तर त्याची झळ दोन-तीन प्रश्नांना लागायची, पण पूर्ण प्रश्न जात नसे. एकच निर्णय दोन पेपरांत किती वेगळा पडतो बघा. पॅटर्न बदलत राहतात, तेव्हा तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. पासिंग प्रत्येक भागाला वेगळं आहे की मिळून आहे, हेही त्यातच वाचा. सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याचा पॅटर्न कदाचित वेगळा असेल.

माझं मत विचाराल तर पूर्ण युनिट सोडण्यापेक्षा प्रत्येक युनिटमधला अवघड प्रकार सोडावा. एम-वनमध्ये मॅट्रिक्सची दोन्ही युनिटं आधी, मग पार्शल डिफरन्सिएशन आणि त्याची ॲप्लिकेशन्स. एम-टूमध्ये पहिल्या ऑर्डरची डिफरन्शिअल इक्वेशन्स, मग गॅमा-बीटा. एम-थ्रीमध्ये एलडीई आणि स्टॅटिस्टिक्स. हा क्रम गुणांपेक्षा वेळेवर ठरवलाय: कमी दिवसांत ज्यात हात बसतो ते आधी. पहिल्या तीन दिवसांत एक युनिट पक्कं झालं की मुलाची बसायची ढब बदलते. ते मी डोळ्यांनी बघते.

सोडवलेला सम वाचला की सगळं कळतं. स्वतः करायला बसलं की काहीच सुचत नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण मी स्वतः याच खड्ड्यात होते. एम-टूला माझी वही सुंदर होती. फळ्यावरचा प्रत्येक सम रंगीत पेनांनी उतरवलेला. परीक्षेच्या आधी मी ती वही तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी सगळं समजलं. पेपरात पहिला प्रश्न हातात घेतला आणि पुढची ओळ येईना. त्या विषयात मी नापास झाले, माझी एटीकेटी (केटी) लागली.

वाचताना पुढची ओळ आयती समोर असते. ती बरोबर आहे हे आपल्याला पटतं, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटतं. पेपरात मात्र "आता काय करायचं" हे आपल्यालाच ठरवावं लागतं आणि त्या ठरवण्याचा सराव वाचून होत नाही. म्हणून सोडवलेला सम एकदा वाचा, वही मिटा आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहा. अडलात तर लगेच वही उघडू नका. दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं नकोशी वाटतात, पण शिकणं तिथेच होतं. तरीही नाही आलं तर वही उघडा, फक्त पुढची एक ओळ बघा आणि परत मिटा. पूर्ण झाल्यावर जिथे अडलात त्या ओळीशेजारी "का" लिहा आणि त्याचं उत्तर आपल्या शब्दांत एका वाक्यात द्या. तोच सम दुसऱ्या दिवशी सकाळी न बघता पुन्हा करा.

त्या "का"चं एक उदाहरण. लोपिताल रूल सगळ्यांना पाठ असतो: वरच्याचं आणि खालच्याचं वेगवेगळं डिफरन्सिएशन करा. आता (एक्स + १) भागिले (एक्स + २) याची एक्स शून्याकडे जाताना लिमिट काढा. नियम लावला तर उत्तर १ येतं आणि ते चूक आहे. नुसतं शून्य घातलं तरी १/२ मिळतं, तेच बरोबर. नियम लावण्याआधी शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत असं रूप आहे का, हे बघायला हवं होतं. वहीत मात्र प्रत्येक सम आधीच त्या रूपात दिलेला असतो, त्यामुळे ती तपासणी डोळ्यांना दिसतच नाही. "इथे लोपिताल का लावला?" एवढं एकदा लिहिलं असतं तर ती दिसली असती.

एका दिवसात असे आठ सम झाले तर तो चांगला दिवस. वाचून चाळीस होतात, पण ते मोजू नका.

यूट्यूबवर व्हिडिओ बघून होईल का?

अडलेल्या ओळीपुरते जरूर बघा. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची पूर्ण व्याख्यानं मोफत आहेत आणि त्यातली बरीचशी उत्तम आहेत. पण बारा दिवसांत चाळीस तासांची व्याख्यानमाला पहिल्यापासून लावू नका. व्हिडिओ चालू असताना हातात पेन नसेल, तर तेही वही वाचण्यासारखंच.

थोडं पाठ केलं तर चालतं का? सगळे म्हणतात गणित पाठ करायचं नसतं.

चालतं, आणि करायलाच हवं. ई चा एक्स घात, साइन, कॉस, लॉग (१ + एक्स) आणि (१ + एक्स) चा एन घात या पाचांच्या मॅक्लॉरिन सिरीज पाठ हव्यात. गॅमा १/२ म्हणजे वर्गमूळात पाय, आणि गॅमा (एन + १) म्हणजे एन गुणिले गॅमा एन, हेही पाठ हवं. इंटिग्रेशनचा तक्ता तर हवाच. पेपरात ही सूत्रं सिद्ध करत बसायला वेळ नसतो. ती एका पानावर लिहून रोज सकाळी न बघता एकदा उतरवून काढा, सात-आठ मिनिटांचं काम आहे. पाठ करू नयेत ते अख्खे सम. आकडा बदलला की अख्खा सम हातातून जातो.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. शब्दच अडतात.

ही अडचण खरी आहे आणि तिला कमी लेखणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त तुम्हाला आधीच येतं. दहावीत क्रेमरच्या पद्धतीत जो निश्चयक काढला, तोच इथला डिटरमिनंट. चल म्हणजे व्हेरिएबल, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन. एका छोट्या वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि खाली एक लहानसं उदाहरण लिहा. एका विषयाला साठ-सत्तर शब्द पुरतात. विचार मराठीत करा, लिहा इंग्रजीत. मीही अजून पाढे मराठीतच म्हणते. आकडेमोड कोणत्या भाषेत झाली हे पेपर तपासणाऱ्याला कळत नाही.

मित्र पुढे गेलेत. त्यांना किंवा सरांना विचारायची लाज वाटते.

कोरी वही घेऊन "मला हे युनिट समजत नाही" असं म्हणायची लाज वाटणारच. लाल रेघ मारलेला कागद घेऊन जा आणि म्हणा, "इथपर्यंत आलं, ही ओळ कशी आली ते सांगाल का?" असं विचारणाऱ्या मुलाला परत पाठवणारा शिक्षक मी क्वचितच पाहिलाय. मित्रालाही ते पाच मिनिटांत सांगता येतं. अख्खं युनिट समजावून सांगणं त्यालाही जमत नाही.

रोज किती तास बसू?

गणिताला सलग चार तास बसण्यापेक्षा दीड-दीड तासाच्या तीन बैठका बऱ्या. बाकीचे विषयही आहेत. आणि झोप मोडू नका: जागरण केलेल्या मुलाच्या पेपरात चिन्हांच्या चुका किती वाढतात ते मला तपासताना दिसतं.

बसतो, पण छातीत धडधड होते. काहीच होणार नाही असं वाटत राहतं.

पहिल्यांदा हे कुणाला तरी बोलून दाखवा: रूममेट, ताई, आई, वर्गशिक्षक, ज्यांच्याशी मन मोकळं होतं ते कुणीही. घरी सांगायची भीती वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर अभ्यास त्याच क्षणी थांबवा आणि आधी फोन करा. पेपर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा येतो.

धडधड पेपरापुरतीच असेल, तर त्या दिवशी तुम्हाला हमखास येणारा एक सम आधी सोडवा. मग अवघड उघडा.

प्रत्यक्ष पेपरात काय करावं?

कॅल्क्युलेटर आधी बघा, डिग्री मोडवर आहे की रेडियनवर. कॅल्क्युलसमध्ये रेडियन लागतो. सबंध सम बरोबर आणि शेवटचा आकडा डिग्री मोडमुळे चुकलेला, असं मी कितीतरी पेपरांत पाहिलंय.

प्रश्न नीट वाचा, विशेषतः फुरिअरमधली मर्यादा. एक्स-वर्ग हे फंक्शन −पाय ते पाय यात ईव्हन (सम) आहे, म्हणून साइनचे सगळे सहगुणक शून्य आणि निम्मं काम वाचलं. तेच एक्स-वर्ग ० ते २पाय यात दिलं असेल तर ती सवलत नाही. घाईत मुलं दोन्हीकडे शून्य लिहून मोकळी होतात.

सूत्र लिहा, किंमती घातल्याचं दाखवा. शेवट नाही आला तरी इथवरचे गुण मिळतात. खोडायचं असेल तर एक आडवी रेघ मारा, गिरगटू नका. वेळ संपत आला आणि नवीन काही सुचलं नाही, तर जुनंच बरोबर होतं असं कधीकधी लक्षात येतं. आणि जिथे पडताळा होतो तिथे तो करा. वरच्या मॅट्रिक्समध्ये आयगेन व्हॅल्यूंची बेरीज ५ + २ = ७, आणि कर्णावरच्या ४ आणि ३ ची बेरीजही ७. गुणाकार १०, डिटरमिनंटही १२ − २ म्हणजे १०. वीस सेकंदांचं काम आहे. आपलं उत्तर बरोबर आहे हे पेपरातच कळतं आणि पुढच्या प्रश्नाला मन शांत असतं.

आणि तरीही केटी लागलीच तर?

निकाल लागला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा वाट बघत बसू नका. एकदोन गुणांनी गेलं असेल तर रिव्हॅल्युएशनचा विचार करा. पण गुण वाढणार नसले तरी फोटोकॉपी मागवाच. ती घेऊन माझ्यासारख्या कुणाकडे तरी या. पेपरात हात कुठल्या ओळीवर थांबला ते तिच्यात तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळचा अभ्यास आपण त्या ओळीपासून सुरू करू.